विश्लेषण : तुमच्या संगणकात ‘जावा’च्या किती आवृत्त्या आहेत?

घरात एकच संगणक. वडिलांचे दुकानाच्या हिशेबाचे जुने सॉफ्टवेअर ‘जावा ८’वर चालते, तर मुलाला ‘माइनक्राफ्ट’च्या सर्व्हरसाठी ‘जावा २१’ हवे. मुलाने नवे बसवले आणि वडिलांचा हिशेब अडला, असे होऊ शकते. मग जुने ठेवावे की काढावे?

नवे असताना जुने का लागते?

जावातील प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेला ‘रनटाइम’ म्हणतात. नव्या आवृत्तीसाठी तयार केलेला प्रोग्राम जुना रनटाइम चालवत नाही. जुने प्रोग्राम नव्यावर बहुधा चालतात, पण सगळेच नाही. २०१८ मध्ये आलेल्या ‘जावा ११’मधून ‘वेब स्टार्ट’सारख्या काही सोयी काढून टाकण्यात आल्या. त्यांवर विसंबलेली सॉफ्टवेअर तिथे अडतात.

मग जुने राहू दिले तर?

जुन्या आवृत्तीतील सुरक्षेच्या त्रुटी हॅकरना ठाऊक असतात. जावा अद्ययावत करताना आधीच्या अनेक आवृत्त्या संगणकात तशाच राहतात, हे ग्राहकांना सांगितले नाही, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ‘ओरॅकल’वर ठेवला होता. डिसेंबर २०१५ मध्ये तडजोड झाली. जुन्या आवृत्त्यांची सूचना देणे आणि त्या काढण्याची सोय करणे कंपनीला बंधनकारक झाले.

दोन आवृत्त्या एकत्र चालतील?

होय. त्या वेगवेगळ्या फोल्डरमध्ये राहतात. कोणती आवृत्ती हवी हे सांगितले नसेल, तर संगणक ‘पाथ’ या यादीत जी आधी सापडेल ती वापरतो. घोळ होतो तो इथेच. त्यामुळे प्रत्येक प्रोग्रामच्या शॉर्टकटमध्ये त्याला हव्या असलेल्या जावाचा पूर्ण पत्ता द्यावा.

नेमके काय करावे?

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अॅप्सची यादी उघडून ‘जावा’ शोधावे. प्रत्येक नोंदीपुढे एकच प्रश्न : ही कोणत्या कामासाठी लागते? उत्तर नसेल, तर ती काढावी. ‘जावा ८’ लागतच असेल, तर त्याच मालिकेतील ताजी सुरक्षा सुधारणा बसवावी. मात्र २०१९ पासून ओरॅकलच्या ‘जावा ८’च्या नव्या सुधारणा केवळ वैयक्तिक वापरासाठी मोफत आहेत, व्यवसायासाठी पैसे मोजावे लागतात. दुकानाच्या हिशेबासाठी ‘एक्लिप्स टेम्युरिन’ हा मोफत पर्याय आहे. काहीही काढण्यापूर्वी हिशेबाच्या फाइलींची प्रत मात्र पेनड्राइव्हवर घ्यावी.