उंच गवताच्या प्रेअरीकडे जाणारा मार्ग

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील ‘टॉलग्रास प्रेअरी’ हे राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र १९९६ मध्ये स्थापन झाले. तेथे जाण्यासाठी एम्पोरियाहून ५० क्रमांकाच्या महामार्गाने पश्चिमेस सुमारे २० मैलांवरील स्ट्राँग सिटी हे लहानसे गाव गाठावे. तेथून १७७ क्रमांकाच्या रस्त्याने उत्तरेस २ मैलांवर प्रवेशस्थान लागते.

हा मार्ग अभ्यासकाने डोळसपणे पाहण्याजोगा आहे. कॉटनवुड नदीच्या खोऱ्यातील गाळाच्या जमिनीत नांगरलेली शेते दिसतात. चढ लागताच ती विरळ होतात व गवताचे राज्य सुरू होते. याचे कारण भूस्तरांत आहे. येथील टेकड्यांच्या चुनखडीत चकमकीच्या दगडाचे थर आहेत. ‘फ्लिंट हिल्स’ हे नाव त्यावरूनच पडले. उथळ, दगडाळ मातीत नांगर चालेना; म्हणून ही भूमी गुरचराईकडे राहिली. मूळच्या सुमारे १७ कोटी एकर प्रेअरीपैकी आज ४ टक्क्यांहूनही कमी उरली असून तिचा बहुतांश भाग याच टेकड्यांत आहे.

तथापि दगडाने नांगर अडविला, वृक्ष अडविले नाहीत. जाळणे व चराई थांबल्यास झुडपे गवताची जागा घेतात. म्हणून वसंतात वाटेवर जळून काळी पडलेली भूमी दिसल्यास तो नाश न मानता संरक्षणाचेच अंग समजावे.