ट्रोल एका फेरीत किती वेळा मारतो?

१९७७ साली निघालेल्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या पुस्तकात ट्रोलच्या नावाखाली हल्ल्यांची संख्या ३ दिली आहे आणि इजेच्या रकान्यात ५-८/५-८/२-१२ असे आकडे आहेत. पण त्या तिरप्या रेघांचा अर्थ काय घ्यायचा? ट्रोल एका फेरीत दोन्ही पंजे आणि जबडा असे तिन्ही वार करतो, की तिन्हींतला एक निवडतो? तिन्ही वार एकाच्याच अंगावर पडतात, की तिघांत वाटता येतात? ज्याने ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ कधी खेळलेला नाही त्याला हा कीस वाटेल. खेळणाऱ्याला मात्र पात्र जगणार की मरणार हे त्यावरून ठरताना दिसते. या लेखाचे म्हणणे असे की, अशा संदिग्ध नोंदींचा निकाल खेळ चालवणाऱ्याच्या लहरीवर सोडावा लागत नाही आणि शब्दांचा काथ्याकूटही करावा लागत नाही. पुस्तकातले आकडे एकमेकांबद्दल साक्ष देतात. ती साक्ष नीट काढली तर बहुतेक वाद मिटतात, आणि जे मिटत नाहीत ते का मिटत नाहीत हेही कळते.

खेळ थोडक्यात असा. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण डन्जन मास्टर म्हणजे डीएम होतो; जग, त्यातली माणसे आणि राक्षस तो चालवतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. लढाईत हल्ला करणारा वीस बाजूंचा फासा टाकतो. समोरच्याच्या चिलखतानुसार ठरलेला आकडा गाठला तर वार लागतो. मग दुसरे फासे टाकून इजा किती झाली ते पाहतात आणि तेवढे हिट पॉइंट, म्हणजे अंगात उरलेला जीव, वजा करतात. १९७७ च्या ट्रोलच्या पंज्याची सरासरी इजा साडेसहा, जबड्याची सात. तिन्ही वार लागले तर एका फेरीत सरासरी २० पॉइंट जातात; तीनपैकी एकच वार असेल तर सातसुद्धा भरत नाहीत. त्या काळच्या नियमांत पाचव्या पातळीवरच्या योद्ध्याला दहा बाजूंच्या पाच फाशांएवढे, म्हणजे सरासरी साडेसत्तावीस हिट पॉइंट असतात. प्रत्येक वार लागतो असे धरले तर पहिल्या अर्थाने तो दुसऱ्या फेरीत आडवा होतो आणि दुसऱ्या अर्थाने पाचव्या फेरीपर्यंत तग धरतो. पळायचे की लढायचे हे खेळाडू ज्या हिशेबावर ठरवतो, तो हिशेबच एका तिरप्या रेघेवर अडकलेला असतो. त्यात हा ट्रोल (समाजमाध्यमांवरचा नव्हे, पॉल अँडरसनच्या १९६१ च्या कादंबरीतून आलेला) जखमा आपोआप भरून काढणारा. लढाई लांबली की फायदा त्याचाच.

ही संदिग्धता आली कुठून, हे समजले की लेखकांवरचा राग कमी होतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये तीन पातळ पुस्तिकांच्या रूपात निघाला. त्यामागे १९७१ चे ‘चेनमेल’ होते, छोट्या बाहुल्या मांडून खेळायच्या मध्ययुगीन लढायांचे नियम. चेनमेलच्या सामूहिक लढाईत फासा थेट माणूस पडला की नाही ते सांगतो. कोणाला किती इजा झाली हा प्रश्नच तिथे येत नाही. १९७४ च्या राक्षसांच्या कोष्टकात म्हणूनच हल्ल्यांचा रकाना नाही आणि इजेचाही नाही. वेगळे सांगितले नसेल तर लागलेला प्रत्येक वार सहा बाजूंच्या एका फाशाएवढा. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत राक्षसागणिक वेगवेगळे हल्ले आणि वेगवेगळी इजा आली. पुढे ‘अॅडव्हान्स्ड’ आवृत्ती निघाली तीही उलट्या क्रमाने: राक्षसांचे पुस्तक १९७७ मध्ये, खेळाडूंचे १९७८ मध्ये आणि डीएमचे १९७९ मध्ये. म्हणजे दोन वर्षे लोकांच्या हातात नव्या राक्षसांचे आकडे होते आणि ते वाचायला नियम मात्र जुने. अशा पुस्तकातल्या नोंदी संदिग्ध वाटल्या नसत्या तरच नवल.

आता निकाल लावायची रीत. अर्थ लावण्याच्या शास्त्रात आपल्याकडे मीमांसकांइतका खोल विचार फार थोड्यांनी केला असेल, आणि त्यांच्यापुढचा एक जुना प्रश्न नेमका हाच होता: दोन विधाने समोर आली तर दोन्ही पाळायची की दोहोंतले एक निवडायचे? समुच्चय की विकल्प? त्यांनी विकल्प हा शेवटचा उपाय मानला, कारण निवड केली की दरवेळी एक विधान वाया जाते. हीच कसोटी ट्रोलला लावा. तीनपैकी एकच वार करायचा असेल तर संख्येच्या रकान्यातला ३ हा आकडा कशासाठी छापला? तिथे १ हवा होता. ‘तिन्ही वार’ या अर्थात पानावरचा प्रत्येक आकडा कामाला लागतो, ‘एक वार’ या अर्थात एक आकडा बेकार होतो. पुस्तकाच्या सुरुवातीचा खुलासाही याला दुजोरा देतो. ही संख्या एका फेरीत करता येणाऱ्या नेहमीच्या हल्ल्यांची, असे तिथे म्हटले आहे, आणि खास हल्ले सहसा त्यात धरलेले नसतात. (पण ट्रोल दारात उभा असताना प्रस्तावना कोण चाळतो?) त्याच पुस्तकातल्या घुबडअस्वलाकडे पाहा. हाँगकाँगच्या स्वस्त प्लास्टिक खेळण्यावरून सुचलेला हा प्राणी. त्याचेही हल्ले तीनच, पण पंजाचा फासा १८ किंवा वर पडला तर तो मिठी मारतो आणि त्या मिठीची इजा २-१६. मिठी चौथी आहे, तरी रकान्यात ३ च. खुलाशात सांगितले तसेच. तिघांवर वार वाटता येतात का, हे मात्र या आकड्यांतून निघत नाही. ते कोण कुठे उभे आहे यावरून डीएमनेच पाहायचे.

मधल्या आडव्या रेघेचा प्रश्न वेगळा, आणि थोडा गमतीचा. ३-१२ अशी इजा लिहिली असेल तर चार बाजूंचे तीन फासे टाकायचे, की दहा बाजूंचा एक टाकून त्यात दोन मिळवायचे? पुष्कळ जण यावर तावातावाने भांडतात, पण सरासरी दोन्हीकडे साडेसातच येते. फाशांचे वाटप दोन्ही बाजूंना सारखे असल्यामुळे सरासरी ही नेहमी टोकाच्या दोन आकड्यांच्या मध्यावर पडते. बदलते ते टोक गाठण्याचे प्रमाण. पूर्ण १२ ची इजा एका फाशाने दहात एकदा होते, तीन फाशांनी चौसष्टात एकदा. दहा हिट पॉइंट उरलेल्या जादूगाराला हा फरक चांगलाच जाणवेल. एकूण लढाईचे पारडे त्याने फारसे झुकत नाही. ट्रोलच्या एकाच ओळीत दोन्ही प्रकार सापडतात. २-१२ म्हणजे सहा बाजूंचे दोन फासे, कारण अकरा बाजूंचा फासा खेळात नाही. ५-८ ही मात्र नुसत्या फाशांच्या बेरजेने मिळूच शकत नाही, तिथे चार बाजूंच्या फाशात चार मिळवावे लागतात. म्हणून ‘लहान आकडा म्हणजे फाशांची संख्या’ हा सोपा नियम आधी लावून पाहावा आणि बसत नसेल तिथेच दुसरी वाट धरावी. तिरप्या रेघेच्या मानाने ही आडवी रेघ निरुपद्रवी आहे. वेळ घालवायचा तर पहिलीवर घालवावा.

यावरचा पहिला आक्षेप ठरलेला असतो: डीएमचा शब्द अखेरचा, मग एवढी उठाठेव कशाला? शब्द अखेरचा आहे हे खरेच. पण खेळाडूच्या हातात शहाणपणाने निर्णय घेण्यापलीकडे काही नसते, आणि काल तीनदा मारणारा ट्रोल आज एकदाच मारत असेल तर शहाणपणाला अर्थ उरत नाही. अधिकार असणे आणि कारण असणे या दोन गोष्टी आहेत. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. जुन्या आवृत्त्यांत समतोलाचा हिशेब आजच्यासारखा नव्हता, पुस्तके घाईत जुळवली गेली, तेव्हा आकड्यांत सुसंगती शोधणे म्हणजे नसलेला हेतू कल्पणे नव्हे का? हा आक्षेप ‘एवढी इजा अन्यायाची वाटते, म्हणून अर्थ दुसरा असणार’ असे म्हणणाऱ्याला बरोबर लागू पडतो. न्यायाच्या कल्पनेवरून १९७७ चा आकडा वाचू नये. पण वरचा युक्तिवाद न्यायावर उभा नाही, छापलेला आकडा रिकामा राहू नये एवढ्यावर उभा आहे. त्याला लेखक दूरदर्शी असण्याची गरज नाही. त्याने रकाना उगाच भरलेला नाही एवढेच पुरते. आणि नंतरच्या आवृत्तीत ट्रोल कसा लिहिला आहे ते दाखवून जुन्याचा अर्थ सिद्ध करायला मात्र कुणी जाऊ नये. नातवाच्या सहीवरून आजोबांचे मृत्युपत्र वाचण्यातला तो प्रकार आहे.

नंतरच्या आवृत्त्यांनी प्रश्न बराच सोडवला, आणि सोडवता सोडवता आकडे तपासायची सोयही करून दिली. २००३ च्या साडेतीनव्या आवृत्तीत ‘हल्ला’ आणि ‘पूर्ण हल्ला’ अशा दोन ओळी आल्या. तिथल्या ट्रोलचे पंजे फाशात ९ मिळवून मारतात: मूळ कौशल्याचे ४, ताकदीचे ६, मोठ्या आकारामुळे उणे १. जबडा ४ मिळवतो, कारण दुय्यम हल्ल्याला ५ कमी. आणि इजेत ताकदीची निम्मी भर, ३. एखादा आकडा चुकून छापला गेला असेल तर या बेरजेत तो पकडला जातो. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ‘मल्टिअटॅक’ नावाची स्वतंत्र ओळ आहे. ट्रोलच्या त्या ओळीत एक चावा आणि पंजाचे दोन वार असे सरळ सांगितले आहे.

पण खरी मौज त्याच आवृत्तीतल्या घूलची, प्रेते खाणाऱ्या त्या प्राण्याची. १९७७ मध्ये त्याचेही तीन हल्ले होते आणि त्याचा स्पर्श माणसाला जखडून टाकायचा. २०१४ मध्ये त्याला चावा आणि पंजे असे दोन हल्ले दिले आहेत, मल्टिअटॅकची ओळ मात्र नाही. त्यामुळे इथे विकल्पच घ्यावा लागतो. शिवाय बेरीज करून पाहिली तर चाव्यात काहीतरी चुकल्यासारखे दिसते. पंजे फाशात ४ मिळवतात (चपळाईचे २, सरावाचे २), चावा फक्त २. सरावाचे दोन गेले कुठे? छापखान्याची चूक म्हणून ते भरून टाकायचा मोह होतो. त्याआधी भावंडाकडे पाहावे. त्याचा थोरला भाऊ घास्ट: पंजे ५, चावा ३. तिथेही नेमके दोनच कमी. एकदा दिसली तर चूक म्हणता येते, दोन भावंडांत तीच दिसली तर मुद्दाम केलेली असण्याची शक्यता बळावते. आता त्याचा हेतू शोधू. चिलखताचा आकडा १५ असलेल्या माणसावर घूलचा चावा १०० पैकी ४० वेळा लागतो आणि सरासरी ९ ची इजा करतो. पंजे ५० वेळा लागतात आणि ७ ची करतात. दर प्रयत्नाला ३.६ विरुद्ध ३.५, म्हणजे जवळजवळ बरोबरी. त्यात जखडून टाकण्याची करामत फक्त पंज्यांत आहे. जखडलेल्या माणसावर वार करताना फासा दोनदा टाकून वरचा घेता येतो, आणि जवळून लागलेल्या वाराला इजेचे फासे दुप्पट होतात. मग चाव्याचे काम उघड होते: आधी पंजे मारून शिकार थिजवायची, नंतर चावायची. दोन कमी आहेत ते दुरुस्त करणारा डीएम हा क्रमच पुसून टाकतो.

एवढे सगळे करूनही काही नोंदी हट्टाने तशाच राहतात. १९७४ च्या नियमांत ट्रोलचे हिट डाइस (हिट पॉइंट ठरवणारे फासे) ६+३ आहेत, आणि साध्या माणसांशी लढताना तो दर हिट डाइसला एक असे सहा वार करतो, त्यातल्या एकाच वारात फाशावर ३ ची भर. भर कोणत्या फाशावर? वार लागतो का ते पाहणाऱ्या वीस बाजूंच्या, इजेच्या सहा बाजूंच्या, की चेनमेलमधल्या माणूस पाडणाऱ्या? पहिल्या अर्थाने वार लागण्याची शक्यता एरवी १५ टक्क्यांनी वाढते, दुसऱ्याने त्या एका वाराची सरासरी साडेतीनवरून साडेसहावर जाते, तिसऱ्यात इजेचा हिशेबच नाही. तिन्ही अर्थांत ६ ला काम मिळते आणि ३ लाही. एकही आकडा रिकामा राहत नाही, आणि तेवढ्यामुळेच कसोटी इथे मुकी होते. यज्ञात तांदूळ की जव, या प्रश्नात दोन्ही धान्ये तेच काम स्वतंत्रपणे करू शकतात म्हणून मीमांसकांनीही विकल्पच मान्य केला. अशा वेळी डीएमने तिन्हींतला एक अर्थ खुशाल घ्यावा, मात्र ट्रोल गुहेच्या दारात येण्याआधी, फासे टेबलावर पडायच्या आत, तो सगळ्यांना सांगून टाकावा.