शिंजिरासाठी बाटली नको, कोळी हवेत

जास्वंदीपुढे क्षणभर पंख फडफडवत हवेत थांबणारा, उन्हात निळा-जांभळा चकाकणारा चिमुकला पक्षी पाहून आमगाव-तिरोड्याकडे कुणी त्याला हमिंगबर्ड म्हटलं, तर ती चूक समजण्यासारखी आहे. पण ती चूकच. हमिंगबर्डच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत आणि त्या सगळ्या उत्तर व दक्षिण अमेरिकेतल्या. गोंदियाच्या परसबागेत येतो तो जांभळा शिंजीर, म्हणजेच सूर्यपक्षी. (कातरवेळी फुलांवर घिरट्या घालणारं काही दिसलं, तर तो बहुधा लांब सोंडेचा पतंग असतो.) या दोन पक्षिकुळांचं नातं फार दूरचं आहे, पण फुलांतल्या मधुरसावर जगता जगता दोघांनाही बारीक लांब चोच आणि तशीच लांब जीभ स्वतंत्रपणे लाभली. फरक असा, की हमिंगबर्ड हवेत स्थिर राहून रस पितो, तर शिंजीर जमेल तिथे फांदीवर बसूनच. त्यामुळे त्याला फुलाइतकीच फुलाशेजारची मजबूत डहाळी हवी असते.

हा फरक लक्षात आला, की अमेरिकेतल्या अंगणांत टांगतात ती साखरपाण्याची बाटली इथे का नको, तेही उमगतं. तिकडे एक भाग साखर आणि चार भाग पाणी हे प्रमाण रूढ आहे, आणि ते पाणी वारंवार बदलावंही लागतं. गोंदियाच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झेपावतो, तेव्हा असं पाणी लवकर आंबतं आणि अस्वच्छ बाटलीतून पक्ष्यांना रोग लागू शकतो. कुणी म्हणेल, रोज धुतली तर? मग अपाय कमी होईल, पण मूळ गरज भागत नाही. शिंजिराची पिल्लं वाढतात ती किडे, अळ्या आणि कोळ्यांवर. शिवाय रस पिताना हा पक्षी झाडाचं कामही करतो: पळसाच्या परागीभवनात जांभळ्या शिंजिराचा मोठा वाटा असल्याचं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. काही लांब नळीच्या फुलांना तो तळाशी भोक पाडून रस चोरतो, हेही खरं. म्हणून जास्वंद, अडुळसा, धायटी, पांगारा अशी वेगवेगळ्या घडणीची, वेगवेगळ्या काळात फुलणारी झाडं लावावीत. तहानेसाठी साध्या पाण्याचं उथळ भांडं पुरे.

आता सर्वांत अवघड आक्षेप. कोळ्यांची जाळी आणि पानांवरच्या अळ्या ठेवल्या, तर बाग गबाळी दिसते. दिसते, हे मान्य. पण कोळ्याचा धागा हाच शिंजिराच्या घराचा सांधा आहे. मादी त्या धाग्याने सालीचे तुकडे, सुकी पानं आणि अळ्यांची विष्ठासुद्धा चिकटवून लोंबती पिशवी विणते. बाजूच्या तोंडावर छोटी पडवीही काढते. हमिंगबर्डच्या वाटीसारख्या घरट्यालाही हाच धागा लागतो. कीटकनाशक फवारून, जाळी झाडून केलेल्या बागेत फुलं कितीही असोत, तिथे हा पक्षी पाहुणा म्हणून येईल, संसार मांडणार नाही.

पक्षी पाहायचे तर नागझिरा, नवेगावबांध, सारसासाठी धानाची शेतं, अशी जिल्ह्यातली समजूत आहे. मारुती चितमपल्लींसारखा वनाधिकारी-लेखक नवेगावच्या परिसरात रमला, त्यामुळे ती स्वाभाविकही आहे. तरी एकाच पक्ष्याचं वर्षभराचं रूपांतर पाहायला अंगण सोयीचं: विणीचा हंगाम सरला की नराची झळाळी उतरते, पोट पिवळसर होतं आणि गळ्यापासून खाली एक काळी रेघ उरते. अनेकांना तो दुसराच पक्षी वाटतो. घरटं सापडलं तर हात लावू नये, मोबाइल जवळ नेऊ नये. अंडी एकटी मादी उबवते, त्याला सुमारे दोन आठवडे लागतात, पिल्लं उडायला जवळपास तितकेच. तेवढा महिनाभर घरटं असलेल्या वेलीची छाटणी पुढे ढकलावी.