कुंपणच शेत खाते तेव्हा

कुंपणानेच शेत खावे, असा प्रकार मनुष्यदेहातही घडतो. परक्या रोगजंतूंशी झुंजण्यासाठी रक्तात जी प्रतिपिंडे निर्माण व्हावयाची, ती कित्येकांच्या शरीरात गळ्यातील थायरॉइड ग्रंथीवरच उलटतात.

हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यविशारदाने १९१२ साली चार स्त्रियांच्या सुजलेल्या ग्रंथींचे वर्णन केले. त्यांत पांढऱ्या पेशींची दाटी झालेली होती. कारण मात्र उमगले नव्हते. शरीर स्वतःवर शस्त्र उगारीत नाही, हा समज तेव्हा दृढ होता. पुढे लंडनच्या डॉ. डेबोरा डोनियाक या विदुषीच्या ध्यानी आले की, ग्रंथी काढून टाकल्यावर अशा रोग्यांच्या रक्तातील गॅमा ग्लोब्युलिनचे वाढलेले प्रमाण उतरते. म्हणजे ते ग्रंथीच्याच विरोधात तयार होत असले पाहिजे! आयव्हन रॉइट प्रभृती सहकाऱ्यांसह १९५६ मध्ये त्यांनी रोग्यांचा रक्तरस थायरॉइडच्या अर्काशी भिडविला, तो साका धरला. तर्क खरा ठरला. त्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये ॲडम्स व पर्व्हिस यांना ग्रेव्हजच्या रोग्यांच्या रक्तात ग्रंथीला दीर्घकाळ चेतविणारे द्रव्य आढळले. तेही प्रतिपिंडच, हे मागाहून कळले.

परंतु सारी प्रतिपिंडे एका माळेचे मणी नव्हेत. हाशिमोटोच्या रोगात थायरॉइड पेरॉक्सिडेज या द्रव्याविरुद्धची प्रतिपिंडे सापडतात. ती बहुतांशी साक्षीदार होत. ग्रंथीचा नाश मुख्यतः त्या पांढऱ्या पेशीच करतात. धडधाकट माणसांतही, विशेषतः स्त्रियांत, ही प्रतिपिंडे आढळतात, आणि त्यांतील पुष्कळांना औषधाची गरज नसते. तपासणीच्या कागदावरील तो फुगलेला आकडा पाहून किती गृहिणी उगाच धसका घेतात! गोळीचे प्रमाण ठरते ते टी. एस. एच. वरून. आकडा उतरला का, हे पाहण्यासाठी वरचेवर रक्त देणे म्हणजे पैशाचा चुराडा. तो आकडा वाढलेला असल्यास टी. एस. एच. मात्र अधूनमधून, आणि गरोदरपणी तर अगत्याने, तपासून घ्यावे.

ग्रेव्हजच्या रोगातील प्रतिपिंडे निराळी. ती टी. एस. एच. च्या कुलपात खोट्या किल्लीप्रमाणे बसून ग्रंथीला अहोरात्र राबवितात. छाती धडधडते, वजन घटते, हात कापतात. शिवाय ती वारेतून गर्भाच्या रक्तात उतरतात. मातेची ग्रंथी पूर्वीच काढलेली असो, ती स्वतः बरी दिसो, प्रतिपिंडे रक्तात उरलेली असू शकतात, आणि क्वचित बाळाचे हृदय जन्मापूर्वीच बेफाम धावू लागते. म्हणून अशा स्त्रीने आपला जुना आजार प्रसूतितज्ज्ञास आरंभीच सांगावा. वेळीच उपचार झाल्यास बाळाचा धोका टळू शकतो. आणि मातेकडून आलेली प्रतिपिंडे जन्मानंतर काही महिन्यांत ओसरतात.