सर्वात जास्त मतं, तरी निवडून नाही! : दुसऱ्या फेरीचं मतदान म्हणजे काय?



मागच्या पावसाळ्यात एका ग्रामसंघाची अध्यक्षपदाची निवड झाली. गावाचं नाव सांगत नाही, कारण भांडण आत्ता कुठे मिटलंय. तिघी उभ्या होत्या, ३६ जणी हजर होत्या. चिठ्ठ्या मोजल्या तर पहिलीला १५, दुसरीला १२ आणि तिसरीला ९. टाळ्या वाजल्या. तेवढ्यात मागून एक मावशी म्हणाल्या, "अगं, १५ जणींना ती पायजे, पण २१ जणींना नको हाय. मग ती सगळ्यांची अध्यक्ष कशी?"

प्रश्न बरोबर होता. आपल्याकडे सरपंचापासून खासदारापर्यंत एकच रीत आहे. ज्याला सर्वात जास्त मतं, तो निवडून आला. मग ती निम्म्याहून कमी असली तरी चालतात. जगातल्या काही देशांत मात्र असं चालत नाही. तिथे मावशींसारखाच विचार करून कायदा केलाय. पहिल्या वेळी कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर पुढे असलेल्यांचं मतदान पुन्हा घ्यायचं. याला म्हणतात दुसरी फेरी.

फ्रान्स देशाचंच घ्या. तिथल्या लोकसभेसारख्या सभागृहात ५७७ जागा आहेत. मतदान रविवारी असतं. बहुतेक ठिकाणी मशीन नाही, कागदच. प्रत्येक उमेदवाराच्या नावाची वेगळी छापील चिठ्ठी असते. पडद्याआड जाऊन हवी ती चिठ्ठी पाकिटात घालायची आणि पाकीट पारदर्शक पेटीत टाकायचं. बोटाला शाई नाही, यादीत सही करायची. संध्याकाळी त्याच केंद्रावर गावातलेच मतदार बसून मोजणी करतात. आपल्या बैठकीसारखंच की!

पहिल्याच रविवारी जिंकायचं तर दोन अटी आहेत. पडलेल्या मतांपैकी निम्म्याहून जास्त मतं हवीत. शिवाय यादीत जेवढी नावं आहेत, त्यांच्या चौथ्या हिश्शाएवढी तरी मतं हवीत. म्हणजे लोक आलेच नाहीत आणि शंभरातल्या दहांनी मिळून कुणाला निवडलं, असं होऊ नये. जमलं नाही तर पुढच्या रविवारी दुसरी फेरी. त्यात पहिले दोघे जातातच. तिसऱ्याला जायचं असेल तर यादीतल्या एकूण मतदारांच्या साडेबारा टक्के मतं लागतात. ऐकायला हे सोपं वाटतं, पण निम्मेच लोक मतदानाला आले तर पडलेल्या मतांपैकी पाव हिस्सा झाला! म्हणून बहुधा दोघांतच लढत होते. दुसऱ्या फेरीत मात्र ज्याला जास्त, तो जिंकला. अगदीच बरोबरी झाली तर वयाने मोठा असेल तो निवडून येतो. (आपल्याकडे अशा वेळी चिठ्ठी काढतात. २०१७ साली मुंबई महापालिकेच्या एका वॉर्डात तसंच झालं होतं.)

आता एका बाईची गोष्ट सांगते, म्हणजे हे नीट कळेल.

राशेल केके. जन्म १९७४ चा, आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट देशातला. २००० साली फ्रान्सला आल्या, नागरिकत्व मिळालं २०१५ मध्ये. काम काय, तर हॉटेलात खोल्या झाडणं-पुसणं आणि पलंग लावणं. जुलै २०१९ मध्ये पॅरिसच्या बातिन्योल भागातल्या ईबिस हॉटेलातल्या साधारण वीस सफाई कामगारांनी संप केला. बहुतेक बायकाच, आणि त्याही बाहेरून आलेल्या. कामावर ठेवलं होतं ठेकेदार कंपनीने. खोल्यांचा बोजा फार आणि पगार तुटपुंजा, अशी तक्रार होती. केके या बायकांच्या पुढारी झाल्या. मधे कोरोना आला, तरी संप सोडला नाही. २२ महिन्यांनी, मे २०२१ मध्ये, करार झाला. पगार वाढला, कामाचा बोजा कमी झाला, जेवणाचे पैसेही मिळाले.

पुढच्याच वर्षी पॅरिसच्या दक्षिणेला असलेल्या व्हाल-द-मार्न जिल्ह्यातल्या एका मतदारसंघातून त्या उभ्या राहिल्या. समोर होत्या रोक्साना माराचिनेआनू, देशाच्या माजी क्रीडामंत्री. त्याही जन्माने बाहेरच्या, रोमानियातल्या. पोहण्यात जगज्जेत्या आणि ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवलेल्या. म्हणजे समोरची बाई काही साधी नव्हती.

१२ जून २०२२ ला पहिली फेरी झाली. केके यांना ३७ टक्क्यांच्या आसपास मतं, माजी मंत्र्यांना २४ टक्क्यांच्या आसपास. आपली रीत असती तर विषय तिथेच संपला असता. गुलाल उधळून मंडळी घरी. पण निम्म्याहून जास्त मतं नव्हती, म्हणून १९ जूनला परत मतदान.

त्या आठवड्यात खरी गंमत असते. बाकीच्या उमेदवारांना ज्यांनी मत दिलं होतं, ते आता कुणाकडे जाणार? १०० तले जवळपास ३९ मतदार असे होते. यातले बरेच माजी मंत्र्यांकडे वळले असणार, कारण २४ वरून त्या थेट जवळपास निम्म्यावर पोचल्या. केके यांना मिळाली ५०.३ टक्के मतं. जिंकल्या त्या फक्त १७७ मतांनी! पहिल्या दिवशी १३ टक्क्यांनी पुढे असलेली बाई आठवड्यानंतर जेमतेम तरली. १७७ म्हणजे आपल्या पंधरा-सोळा गटांतल्या बायका.

त्या वर्षी ५७७ पैकी फक्त ५ जण पहिल्या फेरीत निवडून आले. मतदारच कमी आले होते, निम्म्याहूनही कमी. २०२४ मध्ये ६६ टक्क्यांच्या वर मतदान झालं, तेव्हा पहिल्याच फेरीत ७६ जण निवडून आले.

मग ही रीत चांगली की वाईट? माझं मत विचाराल तर गट-ग्रामसंघासाठी चांगली. निवडून आलेल्या बाईला "तुला तर निम्म्यांनी पण मत दिलं नाही" असं कुणी ऐकवू शकत नाही. शिवाय पहिल्या फेरीत मनातल्या बाईला मत देता येतं, 'मत वाया जाईल' ही धाकधूक नसते. पण देशाच्या निवडणुकीला हे जड आहे. २०२४ च्या लोकसभेला आपल्याकडे जवळपास ९७ कोटी मतदार होते आणि मतदान सात टप्प्यांत झालं. ते सगळं दोनदा करायचं म्हटलं तर किती खर्च, किती शिक्षक-कर्मचारी अडकणार! आणि दुसऱ्यांदा लोक येतीलच, असंही नाही. मजुरी बुडवून दोनदा रांगेत कोण उभं राहणार?

केके यांचं पुढे काय झालं? दोनच वर्षांत, जून २०२४ मध्ये, तिथलं सभागृह बरखास्त झालं आणि परत निवडणूक लागली. ७ जुलैच्या दुसऱ्या फेरीत त्या हरल्या. ज्या दुसऱ्या फेरीत आधी जेमतेम तरल्या होत्या, तिनेच या वेळी घरी पाठवलं.

आणि आपल्या त्या ग्रामसंघाचं? मावशींचं ऐकून पहिल्या दोघींसाठी लगेच परत चिठ्ठ्या टाकल्या. पण तोवर दिवस कलला होता. तिघी जणी म्हशीची धार काढायला निघून गेल्या होत्या. उरल्या ३३. निकाल लागला १७ विरुद्ध १६, आणि आधी मागे असलेली ताई जिंकली. झालं! "आमच्या तिघी गेल्यावर मुद्दाम मतदान घेतलं" म्हणून वाद पेटला. बँकेतल्या सह्या बदलायच्या राहिल्या, आणि दोन गटांचं कर्ज ऐन पेरणीत अडकलं.

चूक दुसऱ्या फेरीची नव्हती. नियम आधी ठरलेला नव्हता, चिठ्ठ्या मोजून झाल्यावर ठरवला गेला. आता त्यांनी इतिवृत्ताच्या वहीत ठराव लिहिलाय: निम्म्याहून जास्त मतं न मिळाल्यास आठ दिवसांनी पहिल्या दोघींमध्ये पुन्हा मतदान, तारीख सगळ्या गटांना कळवायची, आणि वेळ दुपारी दोनची, धारेच्या आधी. खाली ३६ जणींच्या सह्या आहेत. त्यात त्या तिघींच्याही.