मुले परगावी गेली, घर दोघांचे उरले : थोड्या खर्चात काय करावे?

कारंजा, मंगरुळपीर, रिसोड किंवा खुद्द वाशिमच्या जुन्या मोहल्ल्यांत हिंडले की एक गोष्ट लक्षात येते. घरे मोठी, पण आत माणसे दोनच. एक मुलगा पुण्याला, दुसरा औरंगाबादेत किंवा आखातात, मुली आपापल्या सासरी. घर बांधले तेव्हा हिशेब आठ-दहा माणसांचा होता. आता वरच्या मजल्याला कुलूप असते आणि खाली अम्मी-अब्बा उंच ओट्यावरून जपून उतरत असतात.

अशा घरात मुलगा पैसे पाठवतो तेव्हा पहिला विचार वर आणखी एक खोली काढण्याचा किंवा दर्शनी भागाला टाइल्स लावण्याचा होतो. आमचे मत स्पष्ट आहे : पहिला रुपया न्हाणीघरात घाला. उतारवयातली घरातली बरीच पडझड ओल्या फरशीवर होते आणि खुब्याचे हाड मोडले तर दवाखान्याचा खर्च त्या टाइल्सच्या कितीतरी पट होतो. आमच्या कारागीर बांधवांनाही आम्ही हेच सांगू, कारण यात त्यांच्यासाठी वर्षभर पुरेल असे काम आहे.

न्हाणीतले पहिले काम आधाराच्या दांडीचे. टॉवेल टांगायची दांडी धरून उठण्याची सवय घरोघरी आहे, पण ती दांडी माणसाचे वजन पेलण्यासाठी बनलेलीच नसते. सव्वा ते दीड इंच जाडीची स्टीलची दांडी घ्यावी आणि भिंतीपासून दीड इंच अंतर सोडून, जमिनीपासून अडीच ते तीन फुटांवर लावावी. नेमकी उंची मात्र वापरणाऱ्यालाच उभे करून ठरवावी. पक्क्या विटेच्या भिंतीत फास्टनर विटेपर्यंत गेला पाहिजे. तो नुसत्या प्लास्टरमध्ये राहिला तर ऐन वेळी दांडी हातात येते. मातीत बांधलेल्या जुन्या भिंतीवर तर फास्टनरचा भरवसाच धरू नये. तेथे बोल्ट भिंतीच्या आरपार काढून मागे लोखंडी पट्टी द्यावी, नाहीतर वेल्डरकडून पाइपाची चौकट करून तिचे पाय काँक्रिटमध्ये बसवावेत. चार-पाचशे रुपयांपासून दांडी मिळते. खरे कसब बसवण्याचे आहे आणि मजुरीही त्याचीच मागावी.

दुसरे काम दाराचे. न्हाणी-संडासाचे दार आत उघडत असेल आणि माणूस आत पडला, तर त्याच्याच अंगाने दार अडते. सुताराने बिजागऱ्या फिरवून दार बाहेर उघडते करावे आणि बाहेरूनही उघडेल अशी कडी बसवावी. एका दुपारचे काम आहे, पण आम्हाला विचाराल तर सगळ्या यादीत सर्वात मोलाचे हेच.

गुळगुळीत चकाकत्या टाइल्स काढणे परवडत नसेल तर निदान नहाण्याच्या जागेपुरती खरबरीत फरशी टाकावी. उतार मोरीकडे नीट आहे की नाही तेही पाहावे, कारण पाणी साचले की शेवाळ आलेच. नळाजवळ सोळा-सतरा इंच उंचीचा पक्का ओटा बांधला तर वुजूसाठी उकिडवे बसावे लागत नाही आणि पाय धुणेही सोपे जाते.

गुडघे धरलेल्यांना कमोड हवाच. बैठक जमिनीपासून सतरा ते एकोणीस इंच असावी. जुने भांडे फोडायचे नसेल तर त्यावर ठेवायची लोखंडी खुर्ची वेल्डर करून देतो. खुर्चीच्या पायांना रबर लावायला विसरू नये. नवा कमोड बसवताना मिस्त्रीने दिशा आधी विचारून घ्यावी. आपल्याकडून किब्ला साधारण पश्चिमेला येतो. पाइप टाकून झाल्यावर घरमालकाच्या हे लक्षात आले की फोडतोड दोघांच्याही अंगावर येते.

पायऱ्यांचे तसेच. जुन्या ओट्यांच्या पायऱ्या नऊ-दहा इंच उंच असतात. मधे एक पायरी वाढवून चढण सहा इंचांवर आणावी, पाय ठेवायला फूटभर जागा द्यावी आणि एका बाजूला कठडा लावावा. त्याहून सोपा उपाय म्हणजे पलंग खाली आणणे. दिवाणखाना दोघांना कशाला एवढा मोठा हवा?

विजेच्या कामात मात्र काटकसर नको. वऱ्हाडात उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे जातात, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतोच. लोखंडी कूलर, ओली फरशी आणि अर्थिंग नसलेली तीस वर्षांची वायरिंग एकत्र आली की धोका ठरलेलाच. एमसीबी आहे म्हणून निश्चिंत राहू नये. एमसीबी जास्त भार आणि शॉर्टसर्किट झाल्यावर पडतो. अंगातून जाणाऱ्या करंटवर लाइन तोडायला तीस मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी लागतो. आधी अर्थिंग तपासून मग तो जाणकार वायरमनकडूनच बसवावा. सोबत पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर एक लहान एलईडी दिवा आणि उशापाशी बटण घ्यावे. खर्च किरकोळ आहे.

उन्हाचे काय? स्लॅबच्या छतावर मार्च लागण्यापूर्वी चुन्याचे दोन-तीन पांढरे हात दिले तर खालच्या खोलीत फरक जाणवतो. अहमदाबादेत २०१७ पासून महापालिकेने गरीब वस्त्यांत छते पांढरी करण्याचे काम हाती घेतले ते याच कारणासाठी. चुना रात्रभर भिजवावा, त्यात थोडे फेविकॉल घालावे आणि डोळे सांभाळावेत. आधी भेगा बुजवाव्यात. टिनावर चुना टिकत नाही, तेथे बाहेरचा पांढरा ऑइलपेंटच लावावा.

वरचा मजला रिकामा ठेवण्यापेक्षा भाड्याने देण्याचा विचार करावा. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम जिल्हा झाला, तेव्हापासून शहरात बदलीची नोकरदार मंडळी आणि शिकणारी मुले येत असतात. बाहेरून वेगळा जिना आणि वेगळे मीटर असले म्हणजे कटकट राहत नाही. त्या भाड्यातून खालची डागडुजी भागते, मुलापुढे हात पसरावा लागत नाही.

आता कारागीर बांधवांसाठी. लहान काम म्हणून मिस्त्री ते घेत नाही, घेतले तर चार दिवस येत नाही, ही तक्रार सगळीकडे आहे. पण दांडी, दार, पायरी, दिवा आणि छत एकत्र धरले तर चांगले आठवडाभराचे काम होते. गवंडी, सुतार, वेल्डर आणि वायरमन यांनी मिळून एकच दर सांगावा. पैसे देणारा मुलगा बहुधा दूर असतो. त्याला मापासह लेखी अंदाज द्यावा, सामानाचे बिल घरमालकाच्या नावाने वेगळे करावे, आगाऊ रक्कम सामानापुरतीच घ्यावी आणि काम होताच व्हॉट्सॲपवर फोटो पाठवावा. म्हातारी माणसे एकटी आहेत म्हणून दर वाढवणारे लोकही आपल्याला ठाऊक आहेत. गाव लहान आहे, त्यांची गोष्ट दुसऱ्या दिवशी मशिदीच्या पायरीवर पोहोचते. सोयाबीन विकून ऑक्टोबर-नोव्हेंबरात हाती पैसा येतो, तेव्हा अशी कामे विचारायला हरकत नाही. छताची बोलणी मात्र जानेवारीतच उरकावीत.

हत्यारे घ्यायची असतील तर १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार आणि राजमिस्त्री बसतात. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत अशी तिची तरतूद आहे. पाच टक्के व्याजाचे कर्जही आहे, ज्यांना व्याज नको त्यांनी प्रशिक्षण आणि हत्यारांपुरताच अर्ज करावा. पासष्टी ओलांडलेल्या, वर्षाला दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांसाठी राज्याने २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. तिच्यात ३,००० रुपये एकदाच मिळतात आणि घ्यायच्या वस्तूंच्या यादीत कमोड खुर्ची आहे. आधार कार्ड आणि आधारशी जोडलेले बँक खाते लागते. अर्ज चालू आहेत का, हे समाजकल्याण कार्यालयात विचारून मगच वेल्डरला माप द्यावे.