ब्रुसेल्सचा पैसा, गावागावाचा हिशेब

फिनलंडच्या एखाद्या खेड्यात गावाच्या सभागृहाचं छप्पर दुरुस्त करायचं ठरलं, की सुट्टीच्या दिवशी माणसं हातोडे घेऊन जमतात. आपल्याकडच्या श्रमदानासारखंच हे काम. फक्त तिथे कोण किती तास राबलं याची रीतसर नोंद होते, कारण त्या तासांचे पैसे धरले जातात. युरोपीय संघाच्या ग्रामविकास निधीतून मदत हवी, तर गावाला स्वतःचा वाटा घालावा लागतो. आणि फिनलंडनं घामालाही वाटा मानलं.

हा निधी संघाच्या सगळ्या 27 सदस्य देशांसाठी सामाईक आहे. 1962 मध्ये सुरू झालेल्या सामाईक कृषी धोरणाचा मोठा हिस्सा आजही शेतकऱ्यांच्या थेट अनुदानावर जातो. खेड्यांच्या विकासासाठी वेगळा 'दुसरा स्तंभ' उभा राहिला तो 2000 च्या आसपास. यात ब्रुसेल्सच्या पैशांना प्रत्येक देशानं आपली भर घालायची असते, आणि पैसा कशावर लावायचा हे ठरवायला देशांना बरीच मोकळीक मिळते. ऑस्ट्रियानं ती डोंगराळ शेती आणि पर्यावरण जपणारे शेतकरी यांच्यासाठी वापरली. इतर काहींनी ट्रॅक्टर, गोठे आणि रस्त्यांना पसंती दिली.

या धोरणातला सगळ्यात रंजक भाग म्हणजे 1991 मध्ये 217 स्थानिक गटांपासून सुरू झालेला 'लीडर' हा उपक्रम. कल्पना साधी: गावाला काय हवं हे मंत्रालयानं ठरवू नये. ग्रामस्थ, संस्था, व्यावसायिक आणि पालिका यांच्या गटानं परिसराचा आराखडा करावा, प्रकल्पही त्यांनीच निवडावेत. गटात सरकारी मंडळींचा वरचष्मा नको म्हणून 2014 पासूनच्या टप्प्यात त्यांच्या मतांवर 49 टक्क्यांची मर्यादा होती. स्पेनला ही कल्पना इतकी आवडली, की 'लीडर'मध्ये न बसलेल्या भागांसाठी त्यानं 1996 मध्ये 'प्रोदेर' नावाची जुळी योजनाच काढली.

नियम एक, पण खुर्च्यांवर कोण बसतं ते ठिकठिकाणी वेगळं. फिनलंडमध्ये गटाचं सदस्यत्व कोणालाही मिळतं आणि संचालक मंडळाचे तीन समान भाग असतात: पालिका, संस्था, सामान्य रहिवासी. पूर्वीच्या साम्यवादी देशांत अनेक ठिकाणी गटाची सूत्रं नगराध्यक्षांकडेच गेली. मतांची मर्यादा कागदावर पाळली गेली, पण छोट्या गावात नगराध्यक्षाच्या विरोधात हात वर करणार कोण?

आयर्लंडची कथा जरा वेगळी. तिथे सुरुवातीपासून लोकांनीच उभारलेल्या स्थानिक विकास कंपन्या 'लीडर' चालवत. लिमरिक आणि कॉर्कच्या सीमेवरच्या बॅलीहूरा भागात अशाच कंपनीनं ग्रामीण पर्यटन रुजवलं. तिथल्या जंगलातल्या वाटांवर आज डोंगरी सायकलस्वारांची वर्दळ असते. मग 2014 च्या स्थानिक प्रशासन सुधारणेनं बहुतेक ठिकाणी निर्णयाचा अधिकार काउंटी परिषदांशी जोडलेल्या समित्यांकडे दिला. सरकारचं म्हणणं, निवडून आलेल्यांना जबाबदार धरता यायला हवं. कंपन्यांचं म्हणणं, वीस वर्षांचा अनुभव मोडीत निघतोय. वाद बराच रंगला. अखेर अनेक ठिकाणी अंमलबजावणी जुन्याच कंपन्यांकडे राहिली. शिक्के मात्र वाढले.

त्यात पैशांची रीत अशी, की आधी खर्च करा, पावत्या दाखवा, मग परतावा घ्या. श्रीमंत पालिकेला हे झेपतं. रोमानियातल्या एखाद्या छोट्या संस्थेला मात्र त्यासाठी कर्ज काढावं लागतं, आणि बँक सहजासहजी दारात उभं करत नाही. म्हणजे ज्याला गरज जास्त, त्यालाच वाट अवघड. युरोपीय लेखापरीक्षकांनीही 2022 च्या अहवालात कान टोचले: 'लीडर'मुळे स्थानिकांचा सहभाग वाढला खरा, पण जादा खर्च आणि लांबलेल्या मंजुऱ्यांच्या बदल्यात जास्तीचा फायदा काय झाला, याचे पुरावे तोकडे आहेत. टीका रास्तच आहे. तरी सभागृहात पुन्हा माणसं जमू लागली, हे कोणत्या रकान्यात लिहायचं?

2023 पासून हा पसारा आवरण्याचा प्रयत्न झाला. आधीच्या टप्प्यात एकट्या जर्मनीत राज्यवार 13 कार्यक्रम होते. आता शेती आणि ग्रामविकास मिळून देशाची एकच योजना असावी असं ठरलं. राज्यांचे हक्क सांभाळत बर्लिननं ती कशीबशी जुळवली. शेती हा विषयच प्रांतांकडे सोपवलेल्या बेल्जियमनं मात्र फ्लँडर्स आणि वॉलोनिया यांच्या वेगवेगळ्या योजना धाडल्या. देश 27, योजना 28.